घटना आणि नोंद : विपणनाच्या स्वयंचलनातील ‘ट्रिगर’ची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

विपणन हा विषय वाणिज्य शाखेचा आणि ‘घटना’ हा शब्द इतिहासाचा, अशी आपल्याकडील विद्याशाखांची सर्वसाधारण वाटणी आहे. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत मात्र हा शब्द विपणनाच्याही केंद्रस्थानी येऊन बसला आहे. ग्राहकाने संकेतस्थळावरील एखादे पान पाहिले, वस्तू निवडून खरेदी अर्धवट सोडली, चौकशीचा अर्ज भरला, हप्ता चुकविला, किंवा साठ दिवसांत काहीच केले नाही, की संगणकप्रणाली त्याची ‘घटना’ म्हणून नोंद घेते आणि त्या नोंदीसरशी आधी ठरवून ठेवलेली संदेशांची साखळी आपोआप सुरू होते. या प्रारंभबिंदूस ट्रिगर व पुढील साखळीस वर्कफ्लो असे म्हणतात. बंदुकीच्या चापावरून आलेला ट्रिगर हा शब्द मराठी व्यावसायिक व्यवहारातही जसाच्या तसा रूढ झाला असल्याने प्रस्तुत निबंधात तोच वापरला आहे.

ट्रिगर कसा बसवावा याची माहिती अनेक पुस्तिकांतून मिळते. त्या पुस्तिकांत न विचारला जाणारा एक प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला सहज सुचावा : यंत्राला दिसते ती घटना असते की घटनेची नोंद? सभासद बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. ती शिवकालाची साक्ष म्हणून वाचताना तिचा लेखनकाळ आणि लेखनहेतू ध्यानात ठेवावा लागतो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगितले जाते. ट्रिगरच्या रचनेत नेमका हाच विवेक गळून पडण्याचा धोका असतो. नोंद झाली म्हणजे घटना घडली आणि नोंद झाली नाही म्हणजे घटना घडलीच नाही, या गृहीतावर ती रचना उभी आहे. हे गृहीत कसे तयार झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार येथे केला आहे.

संगणकपूर्व काळातील घटनाधिष्ठित विक्री

आधुनिक टपाल-विक्रीचा आरंभ सामान्यतः १८७२ पासून मानला जातो. त्या वर्षी ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी शिकागो येथून एका पानाची किंमतसूची टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. पुढे सीअर्स, रोबक या पेढीने याच मार्गाने अफाट व्यवसाय केला. या विक्रीचे घड्याळ विक्रेत्याच्या हाती होते. सूची छापून झाली, हंगाम आला, की ती सर्वांना एकाच वेळी जाई. शेतकऱ्याच्या घरी त्या आठवड्यात लग्न आहे की मर्तिक, याच्याशी सूचीचा काही संबंध नसे. ग्राहकाच्या आयुष्याविषयीचे हे अज्ञान एका अर्थाने निरुपद्रवी होते. सर्वांना येणारी सूची कोणी स्वतःला उद्देशून आली असे समजत नाही.

ग्राहकाच्या आयुष्यातील प्रसंग हाच विक्रीचा मुहूर्त मानण्याचा एक लक्षणीय प्रयोग १९२८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात सुरू झाला. थॉमस ब्रिग्ज या विपणन-व्यावसायिकाने स्थापन केलेल्या ‘वेलकम वॅगन’ या संस्थेच्या स्त्री-प्रतिनिधी, ज्यांना ‘होस्टेस’ म्हटले जाई, गावात नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाच्या घरी जात. सोबत टोपलीत स्थानिक दुकानदारांच्या भेटवस्तू व सवलतपत्रे असत. दुकानदार या भेटीचे पैसे मोजत; कुटुंबाला काही द्यावे लागत नसे. आजच्या परिभाषेत मांडावयाचे तर स्थलांतर ही घटना, नवा पत्ता ही तिची नोंद आणि टोपली हा संदेश होता.

मात्र या व्यवस्थेत नोंद आणि संदेश यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, ही बाब येथे फार महत्त्वाची आहे. दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा पाहून काय बोलावे, किती वेळ बसावे, की नुसती टोपली ठेवून परत फिरावे, हे त्या प्रतिनिधीला ठरविता येत होते. कागदावरील नोंद खरी की खोटी याची शहानिशा उंबरठ्यावरच होऊन जाई. ही पद्धत अर्थातच महाग होती. १९९८ मध्ये वेलकम वॅगनने घरभेटी बंद करून टपालाचा मार्ग स्वीकारला. हा बदल सहसा खर्चकपातीचा म्हणून नोंदविला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो त्याहून मोठा आहे, कारण येथे उंबरठ्यावरची शहानिशाच काढून टाकण्यात आली.

याच काळातील दुसरी एक परंपरा तितकीच दूरगामी ठरली. १९२६ मध्ये हॅरी शेरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क येथे ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ स्थापन केला. सभासदाला पुढील महिन्याच्या पुस्तकाची आगाऊ सूचना जाई. ते पुस्तक नको असल्यास ठरावीक मुदतीत तसे कळवावयाचे. न कळविल्यास पुस्तक घरी येई आणि त्याचे बिलही. १९५५ मध्ये सुरू झालेल्या कोलंबिया रेकॉर्ड क्लबने ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीसाठी हीच रीत वापरली. त्या क्लबच्या जाहिरातींशी दीर्घकाळ निगडित असलेल्या लेस्टर वंडरमन यांनी पुढे १९६७ मध्ये ‘डायरेक्ट मार्केटिंग’ ही संज्ञा प्रचारात आणली.

या योजनेत उत्तर न येणे हीच घटना मानली गेली. मौनाला संमतीचे मूल्य देणारा हा ट्रिगर आजच्या ‘तीन दिवसांत प्रतिसाद नसल्यास’ या अटीचा थेट पूर्वज होय. मौनाची कारणे अनेक असतात : पत्र गहाळ होते, माणूस आजारी असतो, प्रवासात असतो, कधी हयातही नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये अशा योजनांसाठी नियम केला आणि नकार कळविण्यास किमान दहा दिवस मिळालेच पाहिजेत असे बंधन घातले. म्हणजे ‘प्रतीक्षा किती दिवसांची’ हा आज वर्कफ्लोच्या चौकटीत एक आकडा टाइप करून सुटणारा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी कायद्याचा विषय झालेला होता. आजचे विपणन-व्यवस्थापक हा इतिहास क्वचितच वाचतात.

डेटाबेसमधील ट्रिगर

ट्रिगर ही तांत्रिक संकल्पना विपणनाने घडविलेली नाही. ती डेटाबेसशास्त्रातून आली. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत रिलेशनल डेटाबेसवर काम चालू असताना के. पी. ईस्वरन यांनी १९७६ मध्ये डेटाबेसच्या अंतर्गत ट्रिगरची उपप्रणाली कशी असावी याची मांडणी केली. मूळ हेतू माहितीची शुद्धता राखण्याचा होता. एका कोष्टकात बदल झाला की त्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या कोष्टकात आवश्यक तो बदल आपोआप व्हावा. विक्री नोंदली की साठा कमी व्हावा. अशा डेटाबेसच्या जगात नोंद हीच घटना असते आणि तेथे ते योग्यही आहे, कारण त्या जगाला कोष्टकाबाहेर काही अस्तित्वच नसते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ येथे उमेश्वर दयाळ, शर्मा चक्रवर्ती आदी संशोधकांनी ‘हायपॅक’ या प्रकल्पात या कल्पनेला सुस्पष्ट रूप दिले. घटना, अट आणि कृती हे त्रिपद त्यातूनच प्रस्थापित झाले : अमुक घडले, आणि त्या वेळी तमुक परिस्थिती असली, तर असे करावे. घटना व अट यांची ही फारकत वरवर पाहता किरकोळ वाटेल. वास्तविक संपूर्ण रचनेचे शहाणपण तिच्यात साठविलेले आहे. घटना केवळ जागे करते. कृती करावी की नाही याचा निर्णय जागे झाल्यानंतर तपासलेल्या अटीवर सोपविलेला असतो. शिवाय अट ताबडतोब तपासावी, व्यवहार पूर्ण झाल्यावर तपासावी, की स्वतंत्र व्यवहार म्हणून हाताळावी, असे पर्यायही या संशोधकांनी वेगळे करून दाखविले होते. सायबेससारख्या व्यापारी डेटाबेसप्रणालींनी ट्रिगर १९८० च्या दशकातच उपलब्ध करून दिले. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात त्यांना स्थान मिळाले नाही. ते १९९९ च्या प्रमाणकात मिळाले.

या शास्त्राला आपल्या संकल्पनेच्या मर्यादांची चांगली जाणीव होती. त्याची दोन उदाहरणे पुढील विवेचनास उपयुक्त आहेत. ॲलेक्स एकेन, जेनिफर विडोम व जोसेफ हेलरस्टाईन यांनी १९९२ मध्ये असे दाखविले की, एका नियमाची कृती दुसऱ्या नियमाची घटना बनते तेव्हा ही मालिका थांबेल किंवा नाही, आणि नियमांचा क्रम बदलल्यास निष्पत्ती तीच राहील किंवा नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. दुसरे उदाहरण काळाविषयीचे आहे. रिचर्ड स्नॉडग्रास व इल्सू आन यांनी १९८५ मध्ये डेटाबेसमधील काळाचे वर्गीकरण करताना वस्तुस्थिती प्रत्यक्ष जगात केव्हा खरी होती तो काळ आणि ती डेटाबेसमध्ये केव्हा नोंदली गेली तो काळ, असा भेद केला. बखर आणि तिच्यातील प्रसंग यांच्या काळांत आपण जो भेद करतो तोच हा. विपणनाने डेटाबेसशास्त्राकडून ट्रिगर घेतला. हा भेद मात्र बहुधा मागे राहून गेला.

याचे प्रत्यंतर एका साध्या प्रसंगात येते. एखादी संस्था जुन्या प्रणालीतील ग्राहकांची यादी नव्या प्रणालीत आणते. नव्या प्रणालीत ‘ग्राहकाची नोंद तयार झाली’ या घटनेवर स्वागतसंदेशाचा ट्रिगर बसविलेला असतो. यादी आत येताच प्रत्येक नोंद ‘तयार’ होते आणि बारा वर्षांच्या जुन्या ग्राहकाला ‘आमच्या परिवारात आपले स्वागत’ असे पत्र जाते. प्रणालीने येथे काहीही चूक केलेली नसते. नोंदीचा काळ हाच घटनेचा काळ असे तिला सांगण्यात आले होते. म्हणूनच यादी आणण्यापूर्वी ट्रिगर बंद ठेवणे, किंवा ‘प्रथम खरेदीचा दिनांक’ अशी अट जोडून स्वागतसंदेश अलीकडील ग्राहकांपुरता मर्यादित करणे, हा या व्यवसायातील जाणत्यांचा पहिला धडा असतो.

संकेतस्थळावरील ग्राहक आणि अर्धवट राहिलेली खरेदी

ग्राहकाच्या हालचालींची नोंद आपोआप होऊ लागल्याखेरीज विपणनात ट्रिगरला अर्थ नव्हता. ही सोय प्रामुख्याने ‘कुकी’मुळे झाली. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील ल्यू माँटुली यांनी तिची रचना केली. खरेदी पूर्ण होण्यापूर्वीची अर्धवट माहिती विक्रेत्याच्या सर्व्हरवर न साठविता ग्राहकाच्याच संगणकावर ठेवता यावी, ही त्यामागील निकड होती. म्हणजे कुकीचा जन्मच मुळी अपुऱ्या खरेदीच्या प्रश्नातून झाला. ग्राहकाची टोपली त्याच्यापुरती लक्षात ठेवण्यासाठी निघालेले हे साधन पुढे त्या टोपलीची आठवण ग्राहकाला वारंवार करून देण्याच्या कामी आले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

१९९९ मध्ये टोरांटो येथे स्थापन झालेली एलोक्वा, २००६ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेली मार्केटो आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ब्रायन हॅलिगन व धर्मेश शाह यांनी सुरू केलेली हबस्पॉट, या कंपन्यांनी घटना-अट-कृती हे त्रिपद प्रोग्रॅमरच्या हातून काढून विपणन विभागातील कर्मचाऱ्याच्या हाती दिले. पडद्यावर चौकोन मांडावेत, त्यांना बाणांनी जोडावे, की वर्कफ्लो तयार. २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी ‘वेबहूक’ ही संज्ञा दिली. एका प्रणालीत काही घडताच तिने दुसऱ्या प्रणालीला स्वतःहून कळवावे, अशी ही सोय होती. परिणामी पैसे भरण्याची, पाठवणीची आणि तक्रारनिवारणाची प्रणाली यांतील घटनाही विपणनाच्या आवाक्यात आल्या. पुढील दशकात मोठ्या कंपन्यांनी या व्यवसायाचे महत्त्व ओळखले. ओरॅकलने एलोक्वा विकत घेण्याचा करार २०१२ मध्ये जाहीर केला; ॲडोबीने २०१८ मध्ये मार्केटोसाठी ४७५ कोटी डॉलर मोजले. मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. वेबएंगेज (२०११) आणि क्लेव्हरटॅप (२०१३) या कंपन्या मुंबईतच सुरू झाल्या.

अर्धवट खरेदीचे उदाहरण घेऊन ट्रिगर बसविण्याची प्रक्रिया थोडी तपशिलाने पाहणे इष्ट होईल, कारण प्रत्येक पायरीवर घटना व नोंद यांमधील अंतर नव्याने समोर येते. प्रथम घटनेला नाव द्यावे लागते. ‘वस्तू टोपलीत टाकली’ ही नोंद प्रत्यक्ष क्रियेची असते. ‘खरेदी सोडून दिली’ ही मात्र कोणीही केलेली क्रिया नव्हे. टोपलीत वस्तू आहे आणि ठरावीक वेळात पैसे भरल्याची नोंद आलेली नाही, यावरून काढलेले ते अनुमान आहे. बुक क्लबमधील मौनच येथे पुन्हा भेटते. त्यानंतर घटनेसोबत तिचे गुणधर्म पाठवावे लागतात : वस्तू कोणती, किंमत किती, वेळ कोणती. मग ओळखीचा प्रश्न येतो. दुपारी कार्यालयातील संगणकावर टोपली भरणारी आणि रात्री मोबाइलवरून पैसे भरणारी व्यक्ती एकच आहे, हे प्रणालीला न कळल्यास पैसे भरून झालेल्या माणसाला ‘आपण काहीतरी विसरलात’ असे पत्र जाते.

पुढे प्रतीक्षेचा काळ ठरवावा लागतो आणि तो संपल्यावर अट पुन्हा तपासावी लागते. ही दुसरी तपासणी गाळणे ही सर्वांत सामान्य त्रुटी होय. साखळीत प्रवेश करताना जे खरे होते ते चोवीस तासांनंतरही खरे असेल, असे त्यात धरून चालले जाते. याशिवाय वेबहूकच्या जगात तीच घटना दोनदा कळविली जाण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक घटनेला स्वतंत्र क्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखावी लागते. तीच व्यक्ती पुन्हा साखळीत येऊ शकेल का, हे ठरवावे लागते. एका माणसाला आठवड्यात जास्तीत जास्त किती संदेश जावेत याची मर्यादाही घालावी लागते. सर्वांत शेवटी, आणि बहुधा घाईत, बाहेर पडण्याची अट लिहिली जाते.

जन्म ही घटना

टोपलीतील चपलेविषयी झालेली चूक हास्यास्पद असते. माणसाच्या आयुष्यातील मोठ्या प्रसंगांना हाच साचा लावला की काय होते, हे गेल्या काही वर्षांतील तीन प्रसंगांतून दिसते. तिन्हींचा विषय अपत्यजन्म आहे, हा निवळ योगायोग नव्हे. नवे मूल घरात आले की कुटुंबाच्या खरेदीच्या सवयी बदलतात, ही गोष्ट व्यापाऱ्यांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नियतकालिकात चार्ल्स डुहिग यांचा लेख प्रसिद्ध झाला. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतील संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू पोल यांनी सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून ग्राहक-स्त्री गर्भवती असण्याची शक्यता वर्तविणारा गुणांक तयार केला होता, ही माहिती त्यातून बाहेर आली. या लेखातील संतप्त पित्याची कथा जगभर पसरली. तिला स्वतंत्र दुजोरा नसल्याने येथे ती आधारभूत धरलेली नाही. कथेखेरीजही लेखाचे महत्त्व कमी होत नाही. येथे घटनेची नोंदही उरलेली नाही, इतर नोंदींवरून घटना तर्काने उभी केली जात आहे. ग्राहकांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून बालोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींत गवत कापण्याच्या यंत्रासारख्या असंबद्ध वस्तूंच्या जाहिराती मिसळल्या गेल्याचेही त्यात नमूद आहे. म्हणजे आपण घटना ओळखली आहे ही गोष्ट लपविणे, हा वर्कफ्लोचाच एक भाग झाला.

मे २०१४ मध्ये छायाचित्रांची छपाई करणाऱ्या शटरफ्लाय या कंपनीने नवजात बालकाबद्दल अभिनंदन करणारा ई-मेल पाठविला आणि भेटी देणाऱ्यांना आभारपत्रे पाठविण्याचे सुचविले. तो नुकत्याच पालक झालेल्या ग्राहकांसाठी होता. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी मूल जन्मलेले नव्हते अशा अनेकांना तो मिळाला. त्यांत अपत्यप्राप्तीसाठी वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या आणि मूल गमावलेल्या स्त्रियाही होत्या. कंपनीने जाहीर क्षमायाचना केली. तांत्रिकदृष्ट्या ही यादी निवडण्यातील चूक, म्हणजे अटीची चूक होती. शिकागोहून येणारी वॉर्डची सूची चुकीच्या घरी गेली असती तर ती रद्दीत गेली असती. हे पत्र मात्र नाव घेऊन आले होते आणि प्रसंगाचे निमित्त करून आले होते. म्हणूनच ते लागले.

तिसरा प्रसंग डिसेंबर २०१८ चा आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये काम करणाऱ्या एका स्त्रीचे मूल मृत जन्मले. त्यानंतर तिने तंत्रज्ञान-कंपन्यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. ती गर्भवती असल्याचे या कंपन्यांनी तिच्या शोधांवरून, छायाचित्रांवरून, खरेदीवरून अचूक हेरले होते. मग पुढचे तिचे मौन आणि रडू त्यांना हेरता आले नाही काय, हा त्या पत्राचा आशय होता. त्यातील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. समोर येणारी बालकांविषयीची जाहिरात नको, ती आपल्याला लागू नाही, असे तिने कळविले तेव्हा मूल सुखरूप जन्मल्याचे गृहीत धरून स्तनपानाच्या वस्तूंच्या जाहिराती दाखविल्या जाऊ लागल्या. पुढे पतगुणांकाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीकडून बाळाची नोंदणी पूर्ण करण्याविषयीचा ई-मेलही आला. तशी कोणतीही नोंदणी तिने सुरू केलेली नव्हती.

जाहिरातींची निवड करणारी प्रणाली आणि ई-मेलचा वर्कफ्लो यांच्या यंत्रणा भिन्न आहेत हे खरे. परंतु दोन्हींत दोष एकाच जागी आहे. गर्भधारणेच्या घटनेपासून प्रसूतीच्या घटनेकडे जाणारा एकच बाण आखलेला होता. त्या बाणावर दुसरी वाट फुटू शकते, हे आखणाऱ्याच्या मनातच आले नव्हते. ‘नको’ या उत्तराचा अर्थ लावण्यासाठी प्रणालीकडे एकच शब्द शिल्लक होता, आणि तो ‘झाले’ असा होता.

बाहेर पडण्याची अट

या दोषावर अधिक नोंदी गोळा करणे हा उपाय अनेकदा सुचविला जातो. अलीकडचा अनुभव त्याला फारसा अनुकूल नाही, कारण नोंदी स्वतःच अविश्वसनीय होत चालल्या आहेत. ‘ई-मेल उघडला’ ही घटना या क्षेत्रातील सर्वांत जुन्या ट्रिगरपैकी एक. पत्रात दडविलेले अतिसूक्ष्म चित्र वाचकाच्या यंत्रावर उतरले की पत्र उघडले असे मानले जाई. डिसेंबर २०१३ पासून जीमेलने चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत देण्यास सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल प्रणालीत अशी सोय आणली की, वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, चित्र आधीच उतरवून घेतले जाते. साहजिकच ‘उघडले तर हे पाठवा, न उघडले तर ते पाठवा’ अशा धर्तीचे असंख्य वर्कफ्लो एका रात्रीत निराधार झाले. एखादे साधन बनावट ठरल्यावर त्यावर रचलेला इतिहास जसा कोसळतो, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच की वर्कफ्लो कोसळल्याचे कोणाला दिसत नाही. तो संदेश पाठवीतच राहतो.

ब्रिटनमधील ब्लूम अँड वाइल्ड या पुष्पविक्रेत्या कंपनीने २०१९ मध्ये निराळा मार्ग धरला. मातृदिनाच्या संदेशांची मालिका सुरू करण्यापूर्वी, हे संदेश नको असल्यास तसे कळवावे, एवढेच विचारणारे पत्र तिने ग्राहकांना पाठविले. कारण विचारले नाही. ‘नको’ म्हणणारा ग्राहक त्या मालिकेपुरता वगळला गेला. इतर संदेशांवर परिणाम झाला नाही. पुढे अन्य कंपन्यांनीही हा प्रघात उचलला. तांत्रिकदृष्ट्या यात नवे काहीच नाही. नवे आहे ते एवढेच की, येथे घटना काय याचा अर्थ ग्राहकाने स्वतः लावला आणि प्रणालीने तो जसाच्या तसा मान्य केला. वेलकम वॅगनच्या काळात उंबरठ्यावर जे होत असे, त्याचा काही अंश या एका प्रश्नाने परत आणला असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात घटनाधिष्ठित संदेशांची सवय लोकांना विपणनाआधी बँकांनी लावली. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये, कार्ड प्रत्यक्ष सादर न करता होणाऱ्या ५,००० रुपये व त्यावरील व्यवहारांची सूचना कार्डधारकास तत्काळ देण्याचे बंधन बँकांवर घातले आणि २०११ मध्ये रकमेची ही अट काढून सर्व प्रकारच्या कार्ड-व्यवहारांना ते लागू केले. येथे नोंद आणि घटना एकरूप असतात, आणि संदेशाचा लाभ उघडपणे ग्राहकाचा असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० च्या विनियमांत व्यावहारिक व प्रचारात्मक संदेशांत भेद केला आणि प्रचारात्मक संदेशांना रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत मनाई केली. २०१८ च्या विनियमांनुसार संदेश पाठविणाऱ्याचे शीर्षनाम, मजकुराचा साचा आणि ग्राहकाची संमती यांची नोंदणी दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक खातेवहीत करावी लागते. या नोंदणीत वाक्य तपासले जाते. ते वाक्य कोणत्या घटनेवरून सुटेल हे तपासले जात नाही. ‘आपला अर्ज अपूर्ण आहे’ हा मंजूर साचा खरोखर अपूर्ण राहिलेल्या अर्जावरून सुटतो की केवळ पान पाहिल्याच्या नोंदीवरून, हे ठरविणारी अट विक्रेत्याच्या वर्कफ्लोमध्येच राहते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असले पाहिजे असे तत्त्व घालून दिले आहे. वर्कफ्लोच्या भाषेत संमती मागे घेणे हीदेखील एक घटना होय. ती बसविणे वाटते तितके सोपे नाही. नव्या संदेशांना अडविणे पुरत नाही, कारण अनेक माणसे आधीच वेगवेगळ्या साखळ्यांत, कोणी दुसऱ्या दिवसाच्या तर कोणी पंचेचाळिसाव्या दिवसाच्या प्रतीक्षेत थांबलेली असतात. त्या प्रत्येक साखळीत, प्रत्येक प्रतीक्षेनंतर, पुढचे पत्र सोडण्यापूर्वी ही घटना घडली आहे का हे पाहिले गेले तरच ते माणूस खऱ्या अर्थाने बाहेर पडलेले असते.